ॲरिझोनात नवीन आलात? रॅटलस्नेक, ट्रेल आणि ‘एखादं छोटं पिस्तूल घेऊ का?’

मार्च उजाडला की फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट भागातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: भारतातून आई-बाबा आलेत, सोपा ट्रेल सुचवा. दुसरा त्यानंतर आठवड्याभरात: ट्रेलवर साप दिसला, ऑफिसातला सहकारी म्हणतो .२२ चं (म्हणजे बारीक गोळीचं) एखादं पिस्तूल जवळ बाळगत जा, इथे परवानासुद्धा लागत नाही म्हणे, खरं का?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानंच घात होतो. पिस्तुलाचा मुद्दा पाचव्या पायरीवर येईल. त्याआधीच्या चार नीट केल्यात तर तो प्रश्न तुम्हाला पडणारच नाही, असं माझं मत आहे. घाईत असाल आणि एच-१बीवर असाल, तर निदान सहावी पायरी आत्ताच वाचा.

१. सापाचं वेळापत्रक समजून घ्या

ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत. तुम्हाला सगळ्या ओळखता यायची गरज नाही. फिनिक्सच्या आसपास बहुतेक वेळा गाठ पडते ती वेस्टर्न डायमंडबॅकशी. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे आणि टोकाला खुळखुळा. मोहावी रॅटलस्नेकही दिसायला जवळपास तसाच असतो, आणि त्याचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतं.

साप मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर असतो. मार्च-एप्रिलमध्ये भर दिवसा, कोवळ्या उन्हात वाटेवर पसरलेला सापडेल. मे-जूनच्या भाजणाऱ्या उन्हात तोही आपल्यासारखाच सावली धरून बसतो आणि दिवस मावळल्यावर निघतो. म्हणजे ऊन टाळायला म्हणून आपण पहाटे किंवा तिन्हीसांजेला चालायला जातो, नेमकी तीच त्याची वेळ. जुलै-ऑगस्टमध्ये, इथल्या पावसाच्या दिवसांत, पिल्लं होतात. रॅटलस्नेक अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, आणि नवजात पिल्लाच्या शेपटीला एकच कडी असल्यामुळे ती वाजत नाही. हिवाळ्यात बहुतेक साप बिळात असतात. पण डिसेंबरात चार दिवस ऊब पडली तर एखादा ऊन खायला बाहेर येतो, तेव्हा ‘थंडीत साप नसतो’ हे पाहुण्यांना सांगू नका.

२. सामान

- घोटा झाकणारे बूट आणि जाड, सैल, पूर्ण पँट. सैल यासाठी की दात बसला तर आधी कापडात बसावा. फ्लोटर आणि क्रॉक्स घरी ठेवा.
- चालायची काठी. पुढचं गवत, झुडूप, खडकामागची जागा आधी काठीनं हलवायची.
- कपाळावरचा दिवा. मोबाइलचा टॉर्च हातात धरला की हात अडकतो आणि फोनची बॅटरीही संपते.
- पूर्ण चार्ज केलेला फोन, ट्रेलचा नकाशा आधीच उतरवून घेतलेला.
- एक साधं बॉलपेन किंवा मार्कर. कशाला, ते नवव्या पायरीत.
- पाणी, वाटतं त्याच्या दुप्पट. फिनिक्समधल्या कॅमलबॅक डोंगरावर लोकांना साप कमी आणि ऊन जास्त बाधतं. तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी शहर तो ट्रेल दिवसा काही तास बंदच ठेवतं, म्हणून निघण्याआधी बघून घ्या.

दुकानात ‘स्नेक बाइट किट’ नावाची पिवळी डबी दिसेल. तिच्यात विष ओढायचा पंप असतो. घेऊ नका. त्यानं विष निघत नाही, जखम मात्र चिघळते.

३. चालताना

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. चढताना वरच्या खोबणीत न बघता हात घालणं. फुरशाच्या कोकणातही ते चुकीचंच होतं, पण निभावून जात होतं. इथे ज्या कपारीत हात घालाल तीच त्याची दुपारची जागा असते. हात, पाय किंवा बूड, काहीही टेकवण्याआधी ती जागा डोळ्यांनी बघा. वाटेत आडवा ओंडका किंवा मोठा दगड आला तर थेट ओलांडू नका. त्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा.

वाटेच्या मधोमध चाला. ‘जवळचा रस्ता’ म्हणून झुडपांतून घुसू नका. चोया निवडुंगाचे काटे तो धडा वेगळा शिकवतील. दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. खुळखुळ्याचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बागेतला पाण्याचा फवारा सुरू झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे ओसाड डोंगरात फवाऱ्याचा आवाज आला तर जागच्या जागी थांबा. मात्र आवाजावर भिस्त ठेवू नका. पुष्कळ वेळा साप न वाजवताच पडून राहतो, कारण गप्प राहणं हाच त्याचा बचाव आहे. कड्या मोजून वय सांगता येतं हीसुद्धा दंतकथाच. कात टाकली की एक कडी वाढते, वर्षात दोन-तीनदा वाढू शकते, आणि टोकाच्या तुटूनही जातात.

कुत्रा असेल तर आखूड पट्ट्यावर ठेवा. कुत्र्याला सापाचा वास ओळखून दूर राहायला शिकवणारे वर्ग इथे चालतात. दर वसंतात कुत्र्याला नेणारे लोक आहेत आणि ते पैसे सार्थकी लागतात.

४. साप दिसला. आता?

थांबा. आवाज कुठून येतोय ते डोळ्यांनी शोधा. आंधळेपणानं मागे उडी मारलीत तर दुसऱ्यावर पाय पडू शकतो. साप दिसला की सावकाश मागे सरा, निदान सहा फूट, जमलं तर दहा. मग वाट बघा किंवा लांबून वळसा घाला. मागून येणाऱ्यांना सांगा. बस्स.

हे दहा फूट कुठून आले? रॅटलस्नेक साधारण स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. चार फुटी डायमंडबॅक म्हणजे फार तर दोन फूट. सहा फुटांवर तुम्ही सुरक्षित आहात, दहा फुटांवर निवांत. तो पाठलाग करत नाही. तुमच्या दिशेनं सरकला तर बहुधा त्याचं बीळ किंवा सावली तुमच्या मागे असते.

फोटो झूम करून काढा. दगड मारू नका, काठीनं डिवचू नका. इथल्या बऱ्याच दंशांची कहाणी ‘मी त्याला हाकलायला गेलो’ अशी सुरू होते.

आणखी एक: गोफर स्नेक नावाचा बिनविषारी साप डोकं चपटं करतो, फुत्कारतो आणि वाळक्या पाल्यात शेपूट आपटून हुबेहूब खुळखुळा वाजवतो. आपल्याकडे धामणीचं जे होतं तेच इथे त्याचं. नाग समजून धामण, रॅटलर समजून गोफर. मारला जातो तो उंदीर खाणारा.

५. पिस्तुलाचा हिशोब

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे वळू. तो वेडा नाही. .२२ चं रिव्हॉल्व्हर हलकं असतं, धक्का जवळजवळ नसतो, काडतुसं स्वस्त. सापासाठी म्हणून खास काडतूस मिळतं, त्यात एका गोळीऐवजी बारीक छरे भरलेले असतात. ग्रामीण ॲरिझोनात आणि टेक्ससमध्ये रँचवरची माणसं ते वर्षानुवर्षं वापरत आली आहेत. गोठ्यात, कुंपणाशी, ओळखीच्या जागी.

पण ट्रेलवरचं गणित मांडून बघा. .२२ च्या छऱ्याच्या काडतुसात जेमतेम दोन ग्रॅम छरे असतात. नळीतल्या आट्यांमुळे ते गोल फिरत बाहेर पडतात आणि झपाट्यानं पांगतात. सहा-आठ फुटांपलीकडे त्यांचा भरवसा नाही. म्हणजे ज्या अंतरावरून ते काडतूस उपयोगी पडतं, तिथून साप तुम्हाला चावूच शकत नाही. आणि ज्या दोन फुटांत तो चावू शकतो, तिथे पिस्तुलाला हात लागायच्या आत, पापणी लवायच्या आधी, दंश झालेला असतो. मधे उरतो तो फक्त राग.

छर्ऱ्यांऐवजी साधी गोळी घातली तर प्रश्न वाढतात. .२२ च्या खोक्यावर इशारा छापलेला असतो की गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक आहे. खडकाळ जमिनीवर, आपल्याच पायांच्या दिशेनं मारलेली शिशाची गोळी टप्पा घेऊन कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. वळणाच्या पलीकडून एखादं कुटुंब मुलं घेऊन येत असतं. शिवाय बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत छऱ्याचं काडतूस अडकतं. म्हणून जाणकार रिव्हॉल्व्हरच वापरतात.

मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. २०१८ साली टेक्ससमध्ये कॉर्पस क्रिस्टीजवळ एकानं घराच्या आवारात डायमंडबॅकचं डोकं छाटलं आणि ते उचलायला गेला. त्या डोक्यानं घेतलेल्या चाव्यावर २६ मात्रा प्रतिविष द्यावं लागलं.

कायद्याचंही बघा. शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं ॲरिझोनात गंभीर गुन्हा आहे. साउथ माउंटन, कॅमलबॅक, पिएस्टेवा पीक हे सगळं फिनिक्स शहराच्या हद्दीत येतं. सग्वारोसारख्या राष्ट्रीय उद्यानात राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र जवळ ठेवायला २०१० पासून मुभा आहे, पण झाडायला नाही, आणि तिथला साप मारायलाही नाही. टोंटो राष्ट्रीय वनात नेमबाजी चालते, पण वस्ती आणि तंबूंपासून दीडशे यार्डांच्या आत नाही, रस्त्यावरून नाही, आणि वणव्याच्या मोसमातली बंदी वेगळीच. ॲरिझोनात साप मारणं ही शिकार धरली जाते आणि तिला शिकारीचा परवाना लागतो. काही जाती पूर्ण संरक्षित आहेत. त्यातला रिज-नोज्ड रॅटलस्नेक तर १९८६ पासून राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी आहे.

६. आधी व्हिसा बघा

हा भाग दोनदा वाचा.

‘ॲरिझोनात परवाना लागत नाही’ याचा अर्थ एवढाच: ज्याला कायद्यानं शस्त्र बाळगता येतं आणि जो २१ वर्षांचा आहे, त्याला ते कपड्याखाली लपवून नेण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. २०१० चा हा राज्याचा नियम. शस्त्र कुणाला बाळगता येतं हे मात्र केंद्राचा कायदा ठरवतो. तो म्हणतो की बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायचं नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, आणि फिरायला आलेले बी-२ वरचे आई-बाबा, सगळे यात आले. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, वर हद्दपारीची टांगती तलवार.

आपल्याकडे शस्त्राचा परवाना म्हणजे पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कचेरीचे खेटे. त्यामुळे इथे ‘परवाना नाही’ ऐकलं की माणसाला वाटतं मुक्तद्वार आहे. नाही.

नेहमीचे सापळे:

- मित्राचं पिस्तूल ट्रेलवर ‘जरा वेळ’ आपल्या सॅकमध्ये ठेवणं. हे बाळगणंच झालं. आणि तुमचा व्हिसा माहीत असून देणारा मित्रही अडकतो.
- लास व्हेगासच्या शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक चालवणं आणि तिचा फोटो फेसबुकवर टाकणं. रेंजवालाही व्हिसाबद्दल विचारेलच असं नाही. जबाबदारी तुमची.
- घरात सुटी काडतुसं शोभेला ठेवणं. कायद्यात काडतूसही मोजलं जातं.

अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो ॲरिझोनाच्या गेम अँड फिश विभागाकडून ऑनलाइन मिळतो. पण फक्त सापासाठी हा उपद्व्याप करावा असं मला वाटत नाही, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

७. ग्रीन कार्ड आहे किंवा नागरिक आहात, आणि तरीही घ्यायचंच आहे

तर मग रीतसर घ्या. लागणारी कागदपत्रं:

- सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. पत्ता बदलला असेल तर तो सरकारनं दिलेल्या दुसऱ्या कागदावर असावा.
- ग्रीन कार्ड, त्यावरचा ए-नंबर.
- शिकारीच्या परवान्याच्या अपवादाखाली घेणाऱ्यांना तो परवाना आणि आय-९४ चा (देशात आल्याच्या नोंदीचा) नंबर.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथल्या तिथे पार्श्वभूमी तपासली जाते. दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ पूर्ण हवेत, आणि ते आपल्याच राज्यात घ्यावं लागतं. फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. ॲरिझोनात गांजा २०२० च्या मतदानानं कायदेशीर झाला, पण केंद्राच्या कायद्यात नाही, आणि त्या फॉर्मवर खोटं लिहिणं स्वतंत्र गुन्हा आहे.

विकत घेण्याआधी प्रशिक्षकाकडे एक वर्ग करा. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरायचं. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण पायापाशी खुळखुळा वाजत असताना चारही पाळणं म्हणजे महिन्यांचा सराव. छोट्या नळीच्या .२२ चा आवाजही कानाला इजा करण्याइतका असतो. घरी मुलं असतील तर कुलूपबंद पेटी हवीच.

आणि रॉकी पॉइंट! इथून चार-पाच तासांवर मेक्सिकोचा समुद्रकिनारा, लाँग वीकेंडला अर्धी मराठी मंडळी तिकडे असतात. गाडीच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूसही मेक्सिकोच्या हद्दीत तुरुंगाचं कारण ठरू शकतं. ट्रेलची सॅक तिकडे नेऊच नका.

८. घराजवळ

नव्या वसाहती वाळवंटाला लागून असतात, म्हणून साप अंगणात येतो तो उंदरांमागे आणि पाण्यामागे. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी तपासा. तिथे बोट शिरत असेल तर पिल्लू शिरेल. जाळीच्या कुंपणाला खालून बारीक जाळी लावा. संध्याकाळी कचरा टाकायला अनवाणी जाऊ नका, आईलाही तुळशीला पाणी घालायला जाताना बूट घालायला लावा. कुरकुर करतील, करू द्या.

साप आलाच तर मुलं आणि कुत्रा घरात घ्या आणि लांबून त्याच्यावर नजर ठेवा. काही गावांत अग्निशामक दलाची माणसं येऊन नेतात, इतर ठिकाणी पैसे घेऊन साप पकडणारे खाजगी लोक असतात. आपल्या गावात काय सोय आहे हे आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावा.

९. चावलाच तर

सापापासून दूर व्हा, बसा, ९११ ला फोन करा. ट्रेलच्या खुणेच्या फलकावरचा नंबर सांगा, त्यावरून ते तुम्हाला शोधतात. विषबाधा केंद्राचा देशभराचा फोन १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, मोफत.

अंगठ्या, बांगड्या, जोडवी, घड्याळ, बूट लगेच काढा. सूज चढल्यावर ते कापावं लागतं. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, हृदयाच्या साधारण पातळीवर ठेवा. सुजेच्या कडेवर पेनानं रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा, दर पंधरा मिनिटांनी नवी रेघ. डॉक्टरला या रेघा फार उपयोगी पडतात.

घट्ट पट्टी बांधू नका. गावाकडे दोरी आवळायची पद्धत आहे, इथल्या सापांत तिनं अवयव जायची वेळ येते. कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन देऊ नका. साप मारून आणायची गरज नाही. इथल्या सगळ्या रॅटलस्नेकवर तेच प्रतिविष चालतं.

काही दंशांत विष शिरतच नाही. पण ते घरी बसून ठरवायचं नसतं. मोहावीच्या दंशात सूज कमी असूनही विष चढलेलं असू शकतं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

अमेरिकेत दर वर्षी सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि साधारण पाच दगावतात. भारतात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त जातात. फरक पडतो तो मुख्यतः हॉस्पिटल किती लवकर गाठलं यानं.

१०. हॉस्पिटलनंतर

घरी सोडल्यावरही काही दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा करायला सांगतात. ती चुकवू नका, बरं वाटत असलं तरी. त्या काळात दात काढणं, छोटी शस्त्रक्रिया वगैरे पुढे ढकला.

बिलाची तयारी ठेवा. प्रतिविषाची एकेक कुपी हजारो डॉलरची असते, आणि लाख-दीड लाख डॉलरची बिलं बातम्यांत आलेली आहेत. बाबनिहाय बिल मागून घ्या, कुपींचा आकडा डिस्चार्जच्या कागदाशी ताडून बघा. जानेवारी २०२२ पासूनच्या केंद्राच्या कायद्यामुळे तातडीच्या उपचारात हॉस्पिटल तुमच्या विम्याच्या जाळ्याबाहेरचं असलं तरी जादा रक्कम तुमच्या माथी मारता येत नाही. हेलिकॉप्टरलाही हे लागू आहे, रस्त्यानं जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सला नाही. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला हा कायदा लागू होत नाही, तेव्हा त्यांची पॉलिसी घेताना तातडीच्या उपचारांची आणि ॲम्ब्युलन्सची कमाल रक्कम वाचा. पन्नास हजार डॉलरची स्वस्त पॉलिसी कुपींतच संपून जाईल.